दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांमधील खोक्याचा अकरा दिवसांचा वेढा

तमाम मजल्यांवरील मालक, भाडेकरू, त्यांचे आलेगेले पाहुणे आणि चुकून भलत्याच दाराची बेल दाबणारे सज्जन, या सर्वांस जाहीर व्हावे ऐसे जे, एका चारमजली, सोळा बिऱ्हाडी, बिनलिफ्टच्या इमारतीत, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या दरम्यान जिना जिथे वळतो त्या चौकोनी मुलखात अकरा दिवस एक घनघोर वेढा पडला होता, त्याची ही साद्यंत हकीकत आहे. यात कोणाची भीड राखली नाही. ज्याने जे केले ते लिहिले, आणि ज्यांनी काहीच केले नाही त्यांचे काहीच न करणेही बारकाईने लिहिले, कारण या मोहिमेत तेच जास्त जाहले.

तर या हकीकतीच्या मुख्य बाईसाहेब म्हणजे तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आणि औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या आईसाहेबांच्या धाकट्या कन्या, मुक्काम इयत्ता नववी, तुकडी ब. जन्मतः आवाज मोठा म्हणोन थोरल्या ताईने यांस 'तोफ' हा किताब बहाल केला, आणि तो असा काही चिकटला की शेजारीपाजारीही तोच वापरू लागले. परंतु घरात गडगडणारी ही तोफ शाळेत गेली की गंजून जात असे. शेवटचा बाक, खाली मान, आणि हात वर करायचा म्हटले की घशाला कोरड. मग या वर्षी वर्गाच्या बाईंनी हुकूम काढला जे, आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेस तुझे नाव दिले आहे, विषय 'माझा परिसर, माझी जबाबदारी', आणि रडारड चालणार नाही. तेव्हा तोफेच्या तोंडचे पाणी पळाले, आणि तिने सरावासाठी जागा शोधिली, आणि ती जागा म्हणजेच जिन्याचे ते वळण, कारण तेथे आवाज घुमतो आणि आपणच आपल्याला थोर वाटू लागतो.

या सरावास श्रोता एकच. सकल-पायरी-प्रक्षालिका, कठडा-धूळ-संहारिणी, झाडूबहाद्दर मावशी. यांचा शिरस्ता असा जे, सकाळी चौथ्या मजल्यापासून झाडत खाली यायचे आणि दुपारी ओल्या फडक्याने पुसत वर जायचे, आणि मधल्या वळणावर पायरीवर बसून पाणी प्यायचे. शाळा दुपारी सुटत असे, म्हणोन पाणी पिता पिता मावशींनी ते भाषण सोळा दिवस रोज ऐकले. पहिल्या दिवशी ऐकून त्यांनी फर्माविले, "पोरी, पळतेयस कुठे? गाडी सुटणारे का तुझी? मधे दम घे. माणसाला कळू दे तरी काय म्हणतेस ते." मग तोफेने दम घेतला. दुसऱ्या दिवशी मावशी म्हणाल्या, "हात नको हलवूस एवढे, माशा हाकलल्यासारखं वाटतं." मग हात थांबले. ऐसे करता करता भाषणाला धार आली आणि तोफेचा गंज उतरला.

आणि मग तो गुरुवार उजाडला, वेढ्याचा पहिला दिवस. सत्तावीस शाळांचे वक्ते चारीमुंड्या चीत करोन तोफेने पहिला क्रमांक फत्ते केला, आणि चषक हाती आला. चषक सोनेरी, वजनाने मात्र हलका, कारण आतून प्लास्टिक. परंतु तेज असे की बसमध्ये लोक वळून पाहत. शाळेने विजेत्यांस एकेक संत्र्याच्या रसाचा खोका दिला होता, तो पीत पीत, एका हाती चषक, एका हाती खोका, पाठीवर दप्तर, ऐशा थाटात बाईसाहेब जिना चढू लागल्या.

येथे इतिहासाचा काटा फिरला. वळणावर पोचता तोफेच्या मनात आले जे, घरात शिरायचे ते चषक दोन्ही हातांनी डोक्यावर धरोनच शिरायचे. दोन हात, एक चषक, मग खोका कोठे जाणार? तेव्हा तिने खोका भिंतीशी ठेवला. टाकला नाही, ठेवला. हा फरक तिने पुढे अकरा दिवस मनाशी घोकला, तरी येथेही नोंदविला. आणि "येताना घेते" ऐसे म्हणोन ती वर गेली, आणि दार उघडले, आणि आई रडली, आणि ताईनेसुद्धा "बरं बाई, मानलं" ऐसे कबूल केले, आणि चषक फ्रिजवर स्थापन जाहला, आणि त्या जल्लोषात खोका गेला विस्मृतीच्या दरीत. संध्याकाळी वाऱ्याने तो भिंतीपासून सुटला आणि गडगडत वळणाच्या बरोबर मधोमध येऊन आडवा जाहला, आणि आत दोन घोट रस शिल्लक होता.

आता वाचणारा विचारील जे, झाडूबहाद्दर मावशी असता हा खोका दुसऱ्या दिवशी उरलाच कसा? ऐशियास मागील वर्षीची एक हकीकत सांगणे भाग आहे.

पहिल्या मजल्यावर इमारतीचे सेक्रेटरीकाका राहतात. वाहनतळाचे नियंते, गच्चीच्या कुलपाचे एकमेव किल्लेदार, पाण्याच्या टाकीचे सुभेदार. रोज सकाळ-संध्याकाळ ते टाकीचा व्हॉल्व्ह फिरवावयास चारही मजले चढतात आणि वाटेत कोणाची चप्पल दारापुढे वाकडी आहे ते पाहून ठेवितात. मागील वर्षी त्यांनी सहा व्हॉल्व्हपैकी कोणता कोणाचा, याचा नकाशा एका जुन्या पाकिटाच्या मागल्या बाजूस काढिला, आणि तो खिशातून जिन्यात पडला, आणि मावशींनी कचरा समजोन डब्यात टाकिला. मग दीड दिवस इमारत पाण्यावाचून तळमळली, आणि चौथ्या मजल्याचे पाणी पहिल्या मजल्यास आणि पहिल्याचे कोणासच नाही ऐसा हाहाकार जाहला. तेव्हा काकांनी मावशींस अंगणात उभे करोन सर्वांदेखत गर्जना केली जे, "काय कचरा आणि काय वस्तू, हे तू ठरवायचं नाहीस!" आणि छापील फर्मान हाती दिले. मजकूर येणेप्रमाणे: 'जिन्यात पडलेली कोणतीही वस्तू मालकाच्या परवानगीवाचून हलवू नये.' खाली सही, शिक्का. मावशींनी वाद घातला नाही. त्यांनी ते फर्मान प्लास्टिकच्या पाकिटात घातले आणि बादलीच्या कडीस बांधिले, आणि तेव्हापासून आजतागायत ते तेथेच लटकते आहे.

म्हणोन शुक्रवारी, वेढ्याच्या दुसऱ्या दिवशी, मावशींनी खोका पाहिला, फर्मान पाहिले, आणि खोक्याच्या चहूबाजूंनी झाडिले. दुपारी चहूबाजूंनी पुसिले. वळण आरशासारखे चकाकू लागले आणि मध्ये खोका, आणि खोक्याभोवती बोटभर रुंद धुळीचे कडे, जणू किल्ला आणि त्याचा खंदक.

मग वरच्या दोन मजल्यांच्या आठ बिऱ्हाडांची त्या किल्ल्यावरोन ये-जा सुरू जाहली. कोणी नाक मुरडले, कोणी "शी, काय लोक असतात" ऐसा उद्गार काढिला, आणि सर्वांनी पाय उंच उचलून खोका ओलांडिला. ओलांडण्याचे एक शास्त्रच तयार जाहले. हातात पिशव्या असता डावा पाय आधी, साडीत असता भिंतीकडून, आणि फोनवर बोलत असता न पाहता, सवयीने. खुद्द तोफ शुक्रवारी सकाळी शाळेस निघता खोका पाहून जागीच थबकली. वाकणार एवढ्यात वरून चौथ्या मजल्यावरचे वकीलकाका उतरले आणि म्हणाले, "बघ, बघ! तू तिकडे भाषणं दे, आणि इथे लोक हे करतात. कोण असेल गं हा नालायक?" तोफेच्या तोंडून निघाले, "काय माहीत, काका." आणि ती ओलांडून गेली. पहिले ओलांडणे जड गेले. दुसरे कमी. पाचव्यानंतर मोजणे सुटले.

शनिवारी, तिसऱ्या दिवशी, सेक्रेटरीकाकांनी वकीलकाकांशी मसलत केली. हे वकीलकाका कलमबहाद्दर, पोटकलमांचे जहागीरदार. यांस साधे "हो" म्हणावयासही दोन परिच्छेद लागतात. दोघांनी मिळून नोटीस काढिली आणि फलकावर लाविली: 'ज्याने टाकला त्यानेच चोवीस तासांत उचलावा.' येथवर ठीक होते. परंतु कलमबहाद्दरांच्याने राहवेना, म्हणोन त्यांनी खाली आणखी एक ओळ जोडिली: 'जो उचलताना दिसेल तोच दोषी समजला जाईल व त्याचे नाव फलकावर लावण्यात येईल.'

या एका ओळीने जे घडले ते कोणत्याही शत्रूस साधले नसते. त्या क्षणापासून त्या खोक्यास हात लावण्याची सोळा बिऱ्हाडांत कोणाची छाती होईना. ज्यांच्या मनात कदाचित, चुकून, एखाद्या बऱ्या घडीस उचलावे ऐसे होते, त्यांनीही काखा वर केल्या जे, आम्ही का बदनाम व्हावे? खोका अजिंक्य जाहला.

मग मुंग्यांचे लष्कर उतरले. रविवारी टेहळणीस पाच-पंचवीस, सोमवारी सकाळी भिंतीच्या फटीपासून खोक्याच्या नळीपर्यंत शिस्तीत दुहेरी रांग, जाणारी वेगळी, येणारी वेगळी. इमारतीत एवढी शिस्त वाहनतळातही कधी कोणी पाहिली नव्हती.

इकडे घरी आईसाहेब दारी येईल त्यास चषक दाखवीत. गॅसवाला आला, त्यासही दाखविला. आणि सोमवारी पोळ्या लाटता लाटता त्यांनी पुसिले, "काय गं, तुमच्या त्या वळणावर खोका कोणी टाकलाय, तुला काही कळलं का? तू असतेस ना तिथे नेहमी?"

"नाही गं आई. मी कशाला बघू?"

तेव्हा ताई आतल्या खोलीतून ओरडली, "अगं चषकवाल्या बाई, माझा परिसर माझी जबाबदारी ना? मग उचल की! का फक्त माईक असला की जबाबदारी असते?" ताईस काही ठाऊक नव्हते, ती सहज चिमटा काढीत होती, परंतु फ्रिजवरचा चषक तोफेकडे रोखून पाहू लागला.

मग मंगळवारी, सहाव्या दिवशी, तोफेने गनिमी कावा योजिला. दुपारी अडीचची वेळ, दारे बंद, पंखे चालू, जिना निर्मनुष्य. तिने दप्तर रिकामे केले, चेन उघडी ठेविली, आणि चपला पायात सरकवून दबक्या पावलांनी वळणावर उतरली. बेत असा जे, वाकायचे, खोका दप्तरात, चेन बंद, आणि गल्लीच्या टोकाशी जाऊन त्याचा निकाल लावायचा. ती वाकली. हात खोक्यापासून चार बोटांवर पोचला. इतक्यात खालून वकीलकाका प्रकटले, बगलेत फायली.

"काय करतेयस गं?"

"लेस बांधतेय, काका."

काकांनी खाली पाहिले. बराच वेळ पाहिले.

"चपलेची?"

तोफेने पाय मागे घेतला. मग ती म्हणाली, "सुटली होती." आणि ती ताठ उभी राहिली, आणि रिकामे दप्तर पाठीस लावून आल्या पावली घरी परतली. ही मोहीम ऐशा रीतीने फसली, आणि खोका जागचा हलला नाही.

गुरुवारी, आठव्या दिवशी, घात जाहला. वकीलकाकांचे एक बडे पक्षकार पांढरी शुभ्र पँट घालोन भेटीस आले. त्यांस ओलांडण्याचे शास्त्र अवगत नव्हते. फोनवर बोलत बोलत त्यांनी नेमका बूट खोक्यावर ठेविला, आणि आठ दिवस आत कुजत बसलेल्या त्या दोन घोट रसाने नळीवाटे असा काही मारा केला की दोन्ही पँटा, म्हणजे पँटचे दोन्ही पाय, गुडघ्यापर्यंत नारिंगी जाहले. पक्षकार जे बोलिले ते येथे लिहिण्याजोगे नाही. ते वर न चढताच माघारी फिरले आणि पुन्हा आले नाहीत. खोका मात्र चपटा होऊन फरशीस चिकटला, आणि मुंग्यांनी नवीन छावणीचे स्वागत केले.

आता कोणाचे तरी डोके उडविणे भाग होते. वकीलकाका संतापाने लाल, सेक्रेटरीकाका त्यांहून लाल, आणि दोघांनी वाहनतळात खलबत केले आणि निष्कर्ष काढिला जे, दोष मावशींचा. फलकावर दुसरी नोटीस लागली: 'रविवारी सकाळी दहा वाजता वळणावर तातडीची सभा. विषय एक: जिन्याच्या सफाईचे काम सध्याच्या बाईंकडून काढून यंत्रवाल्या कंपनीस देणे. विषय दोन: आपल्या इमारतीतील चषकविजेत्या कन्येचे स्वच्छतेवरील भाषण (हा विषय आधी घ्यावा).'

तोफेने ही नोटीस शाळेतून येता वाचिली. एकदा वाचिली, मग पुन्हा वाचिली. त्या वेळी मावशी बादली घेऊन शेजारीच उभ्या होत्या. विषय एकची ती ओळ त्यांना ठाऊक होती, तरी त्यांनी एवढेच विचारिले, "भाषण पाठ आहे ना अजून? दम घे हं मधे. तिथे माणसं जास्त असतील." बारा वर्षे तोच जिना झाडलेल्या बाईने आपले काम जाण्याच्या सभेत पोरीच्या भाषणाची काळजी करावी, हे तोफेच्या छातीत कुठेतरी खोल रुतले. शनिवारी तिने आरशापुढे तीन वेळा "काका, तो खोका माझा" ऐसे म्हणोन पाहिले, आणि तिन्ही वेळा आवाज फुटला नाही. सत्तावीस शाळा गारद करणारा तोच आवाज.

आणि अकरावा दिवस, रविवार, सकाळी दहा. वळणावर, वरच्या पायऱ्यांवर, खालच्या पायऱ्यांवर, कठड्याशी, ऐशी सोळा बिऱ्हाडे दाटीवाटीने उभी राहिली, आणि मधोमध खोका, ज्याच्या खंदकाची हद्द कोणी ओलांडली नाही. मावशी खालच्या पायरीवर, बादलीशेजारी, हात पुसत.

सेक्रेटरीकाकांनी प्रास्ताविक केले आणि तोफेस पुढे बोलाविले. तोफ उभी राहिली. समोर आई, अभिमानाने मान वर. ताई, फोन उचलून चित्रण करीत. तोफेने सुरुवात केली, "सन्माननीय परीक्षक आणि..." मग दुरुस्त केले, "आणि शेजाऱ्यांनो." भाषण वाहू लागले. शब्द तोंडपाठ, हात स्थिर, आवाज घुमू लागला. आणि मग ती त्या वाक्यापाशी आली ज्यावर परीक्षकांनी टाळ्या दिल्या होत्या, आणि जे लिहिताना तिला स्वतःचे फार कौतुक वाटले होते: "कचरा कोणाचा हे विचारण्याआधी, आपला हात कुठे आहे ते बघा."

तोफेने दम घेतला, जसा मावशींनी शिकविला होता. आणि त्या दमात तिची नजर आपल्या हाताकडे गेली. हात खिशात होता.

पुढचे वाक्य आले नाही. सभेस वाटले पोर विसरली. खालून मावशी हळूच पुटपुटल्या, "चला, एकत्र येऊन..." कारण त्यांनाही ते पाठ होते. परंतु तोफ म्हणाली, "नाही मावशी, विसरले नाही." आणि मग सर्व मजल्यांस ऐकू जाईल ऐशा आवाजात, "तो खोका माझा आहे. मी ठेवला होता. म्हणजे, टाकला होता. पहिल्या दिवशी. चषक घेऊन येताना."

ताईचा फोन खाली आला. आईच्या चेहऱ्यावरचे तेज हळूहळू मावळले, जसे दुकानाचे शटर खाली येते. मग एकदम कलकलाट उसळला. कोणी म्हणाले, "आजकालची मुलं!" कोणी म्हणाले, "आणि वर भाषणं ठोकते!" आणि जी जी मंडळी अकरा दिवस दिवसातून चार वेळा खोका ओलांडीत होती, त्यांचा आवाज सर्वांत मोठा होता.

तोफेस वाटले जे, सर्वांत कठीण काम उरकले. ती हलकी जाहली, आणि हलक्या मनाने मावशींकडे वळून बोलली, "मावशी, आता मालक सापडली ना? माझी परवानगी आहे. उचला आता."

सेक्रेटरीकाकांनीही सुटकेचा श्वास टाकिला आणि री ओढिली जे, "हां, उचला उचला, मिटवा आता."

मावशी उठल्या. त्यांनी बादलीच्या कडीचे फर्मान सोडविले, प्लास्टिकचे पाकीट पदराने पुसिले आणि काकांच्या हाती दिले. "हे आधी तुमचं तुम्ही घ्या, साहेब. माझं काम काढणार होतात ना? मग हेही काढा." आणि मग तोफेकडे पाहून, रागाने नव्हे, "आणि तू गं. बोललीस, चांगलं केलंस. पण खोका तुझा, तर मी कशाला उचलू? बोलून खोका हलतो होय? वाक की."

हे कोणत्याही भाषणात नव्हते. अकरा दिवस तिने कबुलीची भीती बाळगिली होती, आणि कबुलीपुढे आणखी एक पायरी असेल हे तिच्या स्वप्नीही नव्हते. परीक्षक नाहीत, टाळ्या नाहीत, आणि सोळा बिऱ्हाडे पाहत आहेत.

मग ती वाकली. गुडघ्यावर बसली. खोक्यास हात घातला, तर खोका निघेना, फरशीस घट्ट बसलेला. मुंग्यांनी बाह्यांवरोन चढाई केली आणि कोपरापर्यंत चावे घेतले. एकदा ओढिला, दोनदा ओढिला, तिसऱ्यांदा 'चर्र' ऐसा आवाज होऊन खोका सुटला आणि तोफ मागे आपटली. कोणीतरी हसले. फरशीवर नारिंगी डाग तसाच. मावशींनी ओला फडका आणि घासणी तिच्यापुढे सारिली. तोफेने घासिले. सभा चुळबुळ करू लागली, कोणी घड्याळ पाहिले, परंतु जाणार कसे? वर जाणाऱ्यांची वाट तीच, आणि वाटेत पोर फरशी घासत बसलेली, आणि तिला ओलांडण्याची मात्र प्रत्येकास लाज वाटली. खोका ओलांडणे सोपे होते.

घासता घासता तोफेने खालच्या आवाजात विचारिले, "मावशी, तुम्हाला आधी माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासनं. चषक डोक्यावर घेऊन पळालीस, तेव्हा मी खालच्या पायरीवरच होते की."

"मग कोणाला सांगितलं का नाही? तुमचं काम जाणार होतं!"

मावशी हसल्या. "मला विचारलं कोणी?"

हे खालच्या पायरीवर ऐकू आले, वरच्यावरही आले, आणि सेक्रेटरीकाकांनी हातातले फर्मान चष्मा लावून नव्याने वाचावयास घेतले, जणू दुसऱ्याच कोणी लिहिले होते. वकीलकाकांनी काही पोटकलम काढावयास तोंड उघडिले आणि मिटिले. विषय एक बारगळला. मावशींचे काम मावशींकडेच राहिले, आणि फर्मान रद्द जाहले, तरी पाकीट मावशींनी परत मागून घेतले, म्हणाल्या, "चांगलं जाड प्लास्टिक आहे, कामाला येईल."

मग खोका हाती घेऊन तोफ जिना उतरली, आणि मागोमाग आईसाहेब उतरल्या. वाहनतळातल्या कचऱ्याच्या डब्याचे झाकण आईने पायाने उघडिले. खोका आत पडला. वेळ अकरा वाजून सतरा मिनिटे. आणि मग आईने आपल्या रुमालाने लेकीच्या कोपरावरल्या मुंग्या एकेक करोन झटकिल्या, आणि एवढेच म्हणाली, "चषक फ्रिजवरून काढणार नाहीये मी. पण गॅसवाल्याला आता सगळं सांगावं लागेल."

शब्दास जागून सेक्रेटरीकाकांनी सोमवारी फलकावर तोफेचे नाव लाविले: 'खोका टाकणारी: तोफ, तिसरा मजला.' मंगळवारी त्याखाली दुसऱ्या अक्षरात, औषधाच्या पुडीवर लिहावे तैसे सुबक, एक ओळ उमटली: 'खोका ओलांडणारे: वरची आठही बिऱ्हाडे, आमच्यासकट, अधिक टाकीचे सुभेदार. प्रमाण: दिवसातून दोन ते चार वेळा, जेवणाआधी व जेवणानंतर.' हे अक्षर कोणाचे, याचा शोध घेण्यास कोणी पुढे आले नाही. बुधवारी दोन्ही ओळी पुसलेल्या आढळल्या.

येणेप्रमाणे वेढ्याचा निकाल नोंदविला. किल्ला पडला. हानी: पांढरी पँट एक, पक्षकार एक, घासणी एक. मुंग्या सहकुटुंब भिंतीच्या फटीत परतल्या. डाग गेला, परंतु नीट निरखून पाहता फिकट नारिंगी सावली अद्याप दिसते, आणि तोफ रोज तेथून जाता निरखून पाहते.

आणि शेवटी एक लहान फत्ते, जी कोणी फलकावर लाविली नाही, म्हणोन येथे लाविली. त्यानंतरच्या शनिवारी दुपारी अडीच वाजता, दारे बंद, पंखे चालू, तोफ भाषणाच्या नव्या सरावास वळणावर उतरत होती, तो वरच्या पायरीवर वकीलकाका ओणवे दिसले, हात जमिनीपासून चार बोटांवर, आणि त्या चार बोटांखाली चौथ्या मजल्याकडून उडत आलेला बिस्किटाचा रिकामा कागद.

"काय करताय, काका?"

काका दचकले. लाल जाहले.

"लेस बांधतोय."

तोफेने खाली पाहिले. काकांच्या पायांत चपला होत्या. ती तोंड फिरवून भिंतीकडे पाहत उभी राहिली, आणि मागे कागद चुरगळल्याचा आवाज जाहला, आणि कोणाच्या तरी खिशात गेल्याचा.